चाकू की मल्टी-टूल? विकत घेण्याआधी हे तपासा

नागझिऱ्याची सफारी ठरली की बॅगेत पाण्याची बाटली, दुर्बीण, टॉर्च जाते. फळे कापायला म्हणून छोटा चाकूही जातो. पण हा चाकू अभयारण्याच्या गेटवरच अडचणीचा ठरू शकतो. म्हणून चाकू निवडताना दोन प्रश्न विचारायचे: तो कशासाठी हवा आहे आणि तो कुठे न्यायचा आहे?

चाकू घ्यावा की मल्टी-टूल?

दोरी, खोके, फळे, भाजी एवढेच कापायचे असेल, तर घडीचा साधा चाकू पुरतो. सात-आठ सेंटिमीटरचे पाते रोजच्या कामाला पुरेसे असते. दुचाकीवर फिरणाऱ्यांना किंवा शेतात मोटर-पंप सांभाळणाऱ्यांना पक्कड आणि पेचकसही लागतो. त्यांनी मल्टी-टूल घ्यावे. बांबू किंवा झुडपे तोडायला मात्र दोन्ही कामाचे नाहीत. तिथे आपला विळा, कोयताच हवा.

पाते कसे ओळखायचे?

लोहाराकडच्या कार्बन पोलादाच्या पात्याला चटकन आणि तीक्ष्ण धार येते, पण ओल लागली की ते गंजते. गोंदिया धानाचा जिल्हा आहे. पावसाळ्यात चिखलपाण्यात वापरायचे असेल, तर स्टेनलेस पाते सोयीचे. कंपनीने पात्याचा कडकपणा दिला असेल, तर तो रॉकवेल मापावर (एचआरसी) साधारण ५५ ते ५८ असावा. त्याहून कमी असेल तर धार लवकर बोथट होते. फार जास्त असेल तर घरी धार लावणे अवघड जाते आणि पात्याचे तुकडे उडू शकतात.

दुकानातच तपासा

• पाते उघडून हलवून बघा. ते डुगडुगत असेल तर घेऊ नका.
• पाते अडकवणारे लॉक असेल, तर ते घट्ट बसते का पाहा. वापरताना पाते मिटले तर बोटावर येते.
• बिनघडीच्या चाकूत पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे.
• हात ओला करून मूठ धरा. ती निसटायला नको.
• मल्टी-टूलची पक्कड मिटवून उजेडाकडे धरा. टोके नीट जुळतात का ते दिसते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. पण पाते लहान आहे म्हणून ते कुठेही नेता येते, असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. विमानात चाकू किंवा चाकू असलेले मल्टी-टूल हातातल्या बॅगेत चालत नाही, ते चेक-इन सामानात ठेवावे लागते.

जंगलात का नाही?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच चाकू आहे. कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. हीच अट राष्ट्रीय उद्यानालाही आहे. म्हणजे नागझिरा आणि नवेगाव, दोन्हीकडे हा नियम आहे. यात पात्याच्या लांबीची सूट नाही. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलेला चाकूही गाडीबरोबर आतच जातो. त्यामुळे सफारीच्या दिवशी तो मुक्कामाच्या खोलीवर ठेवा आणि फळे घरूनच कापून आणा.

घेतल्यानंतर

वापर झाला की पाते धुऊन कोरडे करा. घडीच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब टाका. धार लावताना पाते दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत धरा. बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो आणि तोच निसटून हात कापतो. म्हणून महाग चाकू घेऊन तो बोथट ठेवण्यापेक्षा साधा चाकू घेऊन त्याची धार राखलेली बरी.