पागोट्यांचा दोर

चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की औट्रम घाट लागतो. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तास-दोन तास खोळंबा ठरलेला, आणि अशा वेळी गाडीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "हा औट्रम कोण रे?" तोच तो, १८५७ साली लखनौला लढलेला जेम्स औट्रम. पण लखनौच्या कितीतरी आधी, १८२५ ते १८३५ अशी दहा वर्षं हा माणूस आपल्या खानदेशात होता. आला तेव्हा वय अवघं बावीस. आज आपल्याकडे त्या वयाचा पोरगा कँपसमधून नोकरीला लागून ट्रेनिंगमध्ये जांभया देत असतो. असो.

ह्या दहा वर्षांत औट्रमचा फावला (आणि बिनफावलाही) वेळ वाघांच्या मागे गेला. फ्रेडरिक गोल्डस्मिड ह्यानं १८८० साली त्याचं दोन खंडी चरित्र लिहिलं. त्यात शिकारीच्या ज्या हकिकती आहेत, त्या त्याच्या जुन्या भिल्ल साथीदारांच्या आठवणींतून आलेल्या. त्यातली एक माझ्या डोक्यातून जात नाही. वाघ अशा अडचणीच्या जागी दडून बसलेला की जमिनीवरून दिसेना, गोळी घालायला कोन मिळेना. मग औट्रमनं बरोबरच्या भिल्लांना डोक्यावरची पागोटी सोडायला लावली, ती एकाला एक बांधली, त्या दोराला स्वतःला बांधून घेतलं आणि वरून टांगून घेऊन त्यानं तो वाघ मारला. पुढे हसत म्हणाला म्हणे, की चोराला झाडाला लटकवावं तसं तुम्ही मला लटकवलंत, पण वाघ मी मारलाच.

ही गोष्ट जिथं जिथं येते तिथं 'काय हिंमत!' एवढंच म्हणून सांगणारा पुढे जातो. हिंमत होतीच. पण मी सह्याद्रीत दोराला लटकण्याचे उद्योग करणारा माणूस आहे, त्यामुळे माझी नजर पागोट्यांकडे जाते. आणि पागोटी धरणाऱ्या हातांकडे.

आधी तांत्रिक भाग उरकू या. (कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.)

पागोटं म्हणजे सुती कापडाची लांबच लांब पट्टी. पीळ दिला की तिचा बऱ्यापैकी दोर होतो. सुती धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो, हे धोतर पिळणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत आहे. खरी भीती जोडाची. दोराला जिथं गाठ येते तिथं तो कमजोर होतो, आणि गुळगुळीत दोरात चुकीची गाठ सरकून सुटते. पण कापड खरबरीत, जाड आणि दबणारं असल्यामुळे गाठ आवळत जाते. विणकर तुटलेलं सूत जोडताना जी गाठ मारतात, तिचंच थोरलं भावंड आज गिर्यारोहक आणि खलाशी दोन दोर जोडायला वापरतात.

आता वजनाचं बघा. समजा बंदुकीसकट सत्तर किलोचा माणूस आहे. दोर फांदीवरून नुसता पलीकडे टाकला, म्हणजे अर्धा वेढा, तर फांदी आणि कापड ह्यांच्यातलं घर्षण बरंच वजन खाऊन टाकतं. घर्षणाचा गुणांक ०.४ धरला (खडबडीत सालीला हा फार नाही) तर पलीकडे धरणाऱ्यांना साधारण वीस किलो पेलावे लागतात. तोच दोर आणखी एकदा फिरवून दीड वेढा केला तर दोन किलोसुद्धा नाही. एका हातानं धरा आणि दुसऱ्या हातानं तंबाखू मळा! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात हे सूत्र आपण घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. जनावराचं दावं खुंट्याला एक जास्तीचा फेर देऊन धरणाऱ्या गड्याला ते सूत्राशिवाय कळलेलं असतं.

उरला प्रश्न शरीराचा. दोर काखेखालून बांधला तर श्वास कोंडतो, हात बधिर होतात, आणि हात वर केले की माणूस फासातून खाली निसटू शकतो. कंबरेला बांधला तर निसटण्याची भीती कमी, पण सगळं वजन पोटावर आणि बरगड्यांखाली. आम्ही एकदा सरावात जमिनीपासून फूटभर उंचीवर नुसत्या छातीच्या फासावर लटकून पाहिलं होतं. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या. त्या अवस्थेत समोर वाघ आणि हातात तोंडातून ठासायची बंदूक. एक बार चुकला तर लोंबकळत दुसरा भरणं जवळजवळ अशक्य.

अमेरिकेत हरणांच्या मागे जाणारे तिरंदाज आज जो प्रकार करतात त्याला सॅडल हंटिंग म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर, पण हे खोगीर शिकाऱ्याच्या बुडाखाली असतं. कंबर आणि मांड्यांभोवती रुंद पट्ट्यांची झोळी, तिच्यातून निघालेला आखूड दोर खोडाला डोक्याच्या उंचीवर बांधलेला, पाय एका छोट्या फळीवर. माणूस झाडाकडे तोंड करून त्या दोरावर रेलून तासन्‌तास बसतो, आणि सावज ज्या बाजूनं येईल त्या बाजूला खोडाभोवती सरकतो. औट्रमनं घाईत जे केलं तेच, फक्त वजन छातीऐवजी मांड्यांवर आणि दुसरं टोक माणसांच्या हाताऐवजी झाडाला.

ह्या मंडळींचे नियम मात्र मला फार आवडतात. चढताना खोडाभोवती एक पट्टा हवाच, वायरमन खांबावर वापरतात तसा. वर पोचल्यावर आधी बसायचा दोर बांधायचा, त्यावर वजन टाकून बघायचं, आणि मगच चढायचा पट्टा सोडायचा. नवीन जोडल्याशिवाय जुनं तोडायचं नाही. (चालू सर्व्हरवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.) उतरतानाही हेच, उलट्या क्रमानं, आणि अंधारात, थकलेलं असताना. सगळ्यात मोठा धोका नेमका ह्या अदलाबदलीच्या क्षणी असतो, नुसतं बसलेलं असताना नव्हे. शस्त्र कधीच खांद्याला लावून चढायचं नाही. ते खाली ठेवायचं, रिकामं, आणि वर गेल्यावर वेगळ्या दोरीनं ओढून घ्यायचं.

आणि दोरात ढील ठेवायची नाही. ह्याचं गणित ऐका. सत्तर किलोचा माणूस ढिल्या दोरामुळे एक मीटर खाली आला आणि न ताणणाऱ्या दोरानं त्याला दहा सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी झटका वजनाच्या अकरा पट, म्हणजे पावणेआठशे किलोच्या आसपास बसतो. तोच अर्ध्या मीटरमध्ये थांबवला तर तिप्पट. म्हणून गिर्यारोहणाचा दोर ताणणारा असतो, आणि बसून राहायचा दोर कमी ताणणारा पण कायम ताठ ठेवलेला. दोरावर हवं तिथं थांबायला जी सरकती गाठ लागते, तिचा प्रसार ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ साली केला. नायलॉनचा, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला दोर तर १९५३ चा. म्हणजे औट्रमच्या हाताशी ह्यातलं काहीही नव्हतं.

पण भिल्लांच्या हाताशी दोराचं ज्ञान नव्हतं असं समजू नका. खानदेश हा अंजनाचा मुलूख. अंजनाच्या सालीपासून चिवट दोर निघतो. पळसाच्या मुळांपासूनही निघतो. भिल्लांच्या धनुष्याची दोरी बांबूच्या चिरफाळीची. आणि उंचावरचं मधाचं पोळं काढायचं म्हणजे दोरावर जीव टाकणं आलंच. शेतकऱ्यानं राखणीसाठी बांधलेला माळा आणि शिकाऱ्याचं मचाण ही एकाच घरातली. पण त्या काळचा मचाणावरचा शिकारी स्वतःला झाडाला बांधून घेत असे, असं फारसं वाचायला मिळत नाही. जिम कॉर्बेट १९१० साली पनारच्या नरभक्षक बिबट्यासाठी एका कललेल्या झाडावर बसला, तेव्हा त्यानं दोर भरपूर वापरला, पण तो काटेरी फांद्यांच्या मोळ्या खोडाला बांधायला, बिबट्या वर येऊ नये म्हणून. बिबट्यानं अंधारात त्याच फांद्या दातांत धरून ओढल्या आणि वर बसलेल्या कॉर्बेटला हिसके बसले. स्वतःसाठी दोर नव्हता.

तर आता पागोटी धरणाऱ्या हातांकडे.

खानदेशची तेव्हाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला, लगोलग १८०३-०४ चा दुष्काळ. गावं ओस पडली, शेतांत रान माजलं आणि रानाबरोबर वाघ गावाच्या वेशीपर्यंत आले. पोट भरेना म्हणून भिल्ल लुटीला लागले, आणि त्यांचा 'बंदोबस्त' करायला जे झालं ते भयंकर होतं. १८०४ च्या सुमारास बाळाजी लक्ष्मण ह्या सरसुभेदारानं भिल्लांना कोपरगावला बोलावून घेतलं आणि दगा करून त्यांना मारून विहिरींत टाकलं. १८१८ ला इंग्रज आले. त्यांनीही पहिली काही वर्षं फौजा पाठवून डोंगर जाळण्यातच घालवली. जमलं नाही. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यानं भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरवलं आणि ते काम ह्या बावीस वर्षांच्या पोराकडे दिलं. पलटणीचं ठाणं धरणगावला, आजच्या जळगाव जिल्ह्यात.

ज्यांच्या आधीच्या पिढीला बोलावून घेऊन विहिरीत टाकलं होतं, ती माणसं 'या, भरती व्हा' म्हटल्यावर कशाला येतील? औट्रम त्यांच्याबरोबर रानात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. चरित्रकार सांगतात की ह्या काळात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून १९१ वाघ मारले. आकडा वाचून आज पोटात ढवळतं. पण त्या वेळी गुरं राखणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ वेगळा होता, आणि भिल्लांच्या दृष्टीनं आणखी वेगळा: हा साहेब आपल्यापुढे चालतो.

माझ्या मते मात्र १९१ वाघांपेक्षा तो एक लटकलेला प्रसंग जास्त सांगून जातो. पुढे चालणं हे शौर्य. लटकणं म्हणजे जीव दुसऱ्याच्या मुठीत देणं. दोर धरणाऱ्यांपैकी कुणाचा भाऊ, कुणाचा बाप सरकारनं मारलेला असणं सहज शक्य होतं, आणि नुसती मूठ सैल करायची खोटी होती. वाघानं मारलं म्हणता आलं असतं. कुणी मूठ सैल केली नाही. उलट बाजूनंही बघा: डोक्यावरचं पागोटं उतरवणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. ते त्यांनी सोडून दिलं, दुसऱ्याच्या पागोट्याला बांधू दिलं. औट्रम हे सगळं ओळखून करत होता की नुसता शिकारीच्या झिंगेत होता? मला वाटतं, दोन्ही. आणि साम्राज्याचं काम त्यात बेमालूम होऊन जात होतं, हेही खरंच. ज्या रानाची खडान्‌खडा माहिती भिल्लांना होती, ते रान त्याच भिल्लांच्या मदतीनं सरकारच्या नकाशावर आलं. १८३० साली डांगची मोहीम झाली ती भिल्ल पलटण बरोबर घेऊनच.

आज शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे आणि झाडावर चढून बसायचं ते मोजायला नाहीतर बघायला. यावल अभयारण्य १९६९ चं, अनेर धरणाचं १९८६ चं. वाघ जळगाव जिल्ह्यात अजून आहेत, मुक्ताईनगरच्या बाजूला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायला मिळते. मी एकदा सातपुड्यात बसलो होतो तेव्हा बरोबरच्या वनरक्षकानं चढायच्या आधी सामान खाली ठेवायला लावलं, वर जाऊन दोरी सोडली, पाण्याचा कॅन, बॅटरी, दुर्बीण एकेक ओढून घेतली. मी कंबरेचा पट्टा खोडाला अडकवला तर हसला, पण नंतर स्वतःच येऊन तो ओढून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, वाघाची भीती नाही, झोपेची आहे." पहाटे अडीचला त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला नीट कळला.

भिल्लांशी इंग्रजांचा जमलेला विश्वास सगळीकडे आणि कायमचा टिकला, असं मात्र नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा इंग्रजांच्याच नोकरीतला भिल्ल. एका संशयिताचा जीव गेल्याबद्दल त्याला तुरुंगात घातलं, पुढे सोडलं, १८५७ साली गरज पडल्यावर परत कामावर घेतलं. त्याच वर्षी तो उलटला आणि सातपुड्यात शेकडो भिल्ल त्याच्यामागे गेले. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली, त्यात त्याची बरीच माणसं पडली, पण तो स्वतः हाती लागला नाही. दोन वर्षांनी, १८६० साली, त्याला मारलं ते त्याच्या विश्वासातल्याच एका माणसानं.