सर्रा : घोड्याच्या रक्तापासून माणसाच्या रक्तापर्यंत

१८८० साली डेरा इस्माईल खान येथे लष्कराचे घोडे आणि उंट एका विचित्र रोगाने मरत होते. सिंधू नदीकाठचे हे ठाणे तेव्हा ब्रिटिश पंजाबात होते. आज ते पाकिस्तानात आहे. जनावराला ताप येई, उतरे, पुन्हा येई. पाय आणि पोट सुजे, अंगातले रक्त कमी होई आणि जनावर खंगत जाऊन मरे. या रोगाला तिकडे सर्रा म्हणत आणि त्याचा दोष लोक मोठ्या चावऱ्या माशांना देत.

चौकशीसाठी ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला पाठवण्यात आले. आजारी घोड्याचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत वळवळणारे, बारीक शेपटीचे जीव दिसले. इव्हान्स एवढ्यावर थांबले नाहीत. ते रक्त त्यांनी निरोगी जनावरांच्या अंगात घातले. त्यांच्याही रक्तात तेच जीव दिसू लागले आणि तीही आजारी पडली. हा परजीवीच रोगाचे कारण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वरिष्ठांना तो पटला नाही. शंकेला आधारही होता. टिमथी लुइस यांना काही वर्षांपूर्वीच कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. मग घोड्याच्या रक्तातले जीव रोगाचे कारण कशावरून? रोगाने बिघडलेल्या रक्तात ते मागाहून वाढले असतील! रोगजंतूंची कल्पनाच तेव्हा नवी होती. कॉख यांचा क्षयाच्या जंतूचा शोध दोन वर्षांनंतरचा, १८८२ चा.

१८८५ साली जॉन हेन्री स्टील यांना ब्रह्मदेशातील खेचरांत हाच परजीवी आढळला आणि त्यांनी त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील पुढच्या वर्षी सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. या परजीवीला आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी गोमाशी त्याचा प्रसार करते हे प्रयोगाने दाखवले. आजारी जनावराचे रक्त लागलेली तिची सोंड लगेच दुसऱ्या जनावराला टोचली, की परजीवी त्याच्या अंगात जातो. लोकांचा संशय खरा ठरला.

मग लुइस यांचे उंदीर निरोगी कसे? तो परजीवी याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा होता. शिवाय एकच जात सर्व प्राण्यांत सारखी वागत नाही. सर्रा घोड्याला आणि उंटाला मारतो. गाय-म्हशीच्या रक्तात मात्र तोच परजीवी पुष्कळदा काही लक्षण न दाखवता राहतो. आणि माणूस? १९०२ साली लाव्हरां यांना माणसाच्या रक्तद्रवाने असे परजीवी मरतात असे आढळले. २००३ साली ब्रुसेल्समधील संशोधकांनी त्यामागचे प्रथिन ओळखले. त्याचे नाव अपोलिपोप्रथिन एल-१. ते परजीवीच्या आतील पटलाला छिद्रे पाडते.

त्यानंतर वर्षभरातच, २००४ साली, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. पुस्तकांनुसार हे घडायला नको होते. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. २००६ साली उलगडा झाला : त्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता, म्हणून ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. लाव्हरां यांच्या निरीक्षणाचे उत्तर प्रयोगशाळेबाहेर, एका शेतकऱ्याच्या आजारात मिळाले. पण तेही अखेरचे नव्हते. २०१५ साली व्हिएतनाममध्ये या परजीवीची लागण झालेली एक महिला आढळली आणि तिच्यात हे प्रथिन होते. म्हणजे त्याचे संरक्षण मोठे असले तरी अभेद्य नाही.

वर्गात रोगजंतू शिकवताना ही हकिगत जरूर सांगावी. इव्हान्स यांच्या वरिष्ठांनी उंदराचा अनुभव घोड्याला लावला आणि ते चुकले. विद्यार्थ्यांना विचारून पाहावे : इव्हान्स यांच्या जागी तुम्ही असता, तर शंका घेणाऱ्यांना पटवण्यासाठी आणखी कोणता प्रयोग केला असता?