समुद्रातली वसई

वसई म्हटलं की कुणाला किल्ला आठवतो, कुणाला सुकेळी, कुणाला विरार लोकलची गर्दी. याच नावाचं एक ठिकाण भर समुद्रातही आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचं तेल शोधलं. पुढे १९७६ मध्ये, किनाऱ्याच्या थोडं अलीकडे, नैसर्गिक वायूचं मोठं क्षेत्र सापडलं. त्याचं नाव ‘बसीन’.

पोर्तुगीजांनी वसईचं बसाईं केलं, इंग्रजांनी बसीन. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, तरी १८०२ चा तह इंग्रजी पुस्तकांत बसीनचाच राहिला आणि समुद्रातल्या गॅसलाही तेच नाव चिकटलं. नंतर जवळच्या एका क्षेत्राला ‘वसई पूर्व’ म्हटलं गेलं. हे वाचून मला हसू आलं. आम्हा इथल्यांची वसई पूर्व म्हणजे रुळांपलीकडचं नवघर आणि तिथले कारखाने. ही वसई पूर्व स्टेशनच्या कितीतरी पश्चिमेला!

बसीनचा गॅस मुळातच ‘आंबट’. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू विषारी, शिवाय लोखंडी नळ कुरतडणारा. म्हणून १९८८ पासून तो समुद्रतळाच्या नळाने थेट सुरतेजवळच्या हाजिऱ्याला जाऊ लागला. तिथे रासायनिक द्रावण ही घाण शोषून घेतं, तिच्यातून गंधक मिळतं आणि शुद्ध गॅस उत्तरेकडे विजयपूर, जगदीशपूरच्या वाटेने खतकारखान्यांना, वीजघरांना जातो. वसईच्या वाट्याला आलं ते नाव. आमच्या कोळ्यांना त्या मनोऱ्यांपासून ५०० मीटर लांब राहावं लागतं, एवढाच काय तो संबंध.

पण ही घाण निसर्गाची. दुसरी एक घाण माणूस स्वतः आत घालतो. विहीर म्हातारी झाली की तेल आपोआप वर येत नाही, त्याला खालून रेटा द्यावा लागतो. मुंबई हायमध्ये १९८४ पासून त्यासाठी समुद्राचंच पाणी आत सोडतात. गुजरातेत मेहसाण्याजवळ बलोलचं तेल काकवीसारखं घट्ट. तिथे १९९० मध्ये प्रयोग करून १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर हवा आत सोडली, थोडं तेल जमिनीतच पेटवलं आणि त्या उष्णतेने उरलेलं पातळ केलं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. तो जळत नाही, कशात मिसळून जात नाही, गॅसबरोबर निमूट वर येतो. असा गॅस चुलीत नीट पेटत नाही.

मेक्सिकोने हेच अवाढव्य प्रमाणात केलं. रुदेसिंदो कांतारेल नावाच्या कोळ्याने समुद्रावर तेलाचा तवंग पाहिला आणि सरकारी कंपनीला सांगितलं. क्षेत्र सापडलं १९७६ मध्ये, म्हणजे आमच्या बसीनच्याच वर्षी, आणि त्याला नाव मिळालं त्या कोळ्याचं! २००० पासून तिथे हवेतून वेगळा काढलेला नायट्रोजन आत सोडला. २००४ पर्यंत उत्पादन वाढलं, मग घसरलं, आणि गॅसमध्ये नायट्रोजन इतका मिसळला की तो नळांत घेता येईना. बराचसा जाळून टाकावा लागला.

गंधकवाला वायू द्रावणाने पकडता येतो. नायट्रोजन अलिप्त, कशालाच धरत नाही. कवी म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं, पण इंजिनिअरांना घाम फुटतो. मुख्य उपाय म्हणजे प्रचंड थंडी. मिथेन उणे १६२ अंशांना द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. या दोहोंच्या मधल्या थंडीत मिथेन खाली बसतो, नायट्रोजन वरून निघून जातो. सांगायला सोपं, पण एवढी थंडी करायला वीज आणि पैसा दोन्ही रग्गड लागतात. आधी हवेतून नायट्रोजन काढायचा खर्च, मग गॅसमधून तोच पुन्हा काढायचा खर्च.

२०२४ मध्ये मुंबई हायला पन्नास वर्षं झाली. घटतं उत्पादन वाढवण्यासाठी २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी नेमलं. आता पाण्याखेरीज आत काय सोडणार, आणि ते वर आल्यावर कुठे, कुणाच्या खर्चाने वेगळं करणार, हे पाचूबंदरच्या कोळ्यांना कुणी मराठीत समजावून सांगणार असेल, तर ऐकायला मीही जाईन.