एक्केचाळीस वर्षांचा अबोला

आपला फराळाचा डबा रिकामा होतो न होतो, तोच अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'चा सण येतो. त्या सुट्टीत तिकडच्या कॉलेजांचे जुने हाडवैरी फुटबॉलच्या मैदानात उतरतात. (फुटबॉल म्हणायचे, पण चेंडू बहुधा हातातच!) मिशिगन आणि ओहायो स्टेट यांची झुंज मोठी खरीच, मला मात्र ओढ आहे ती अलाबामा-ऑबर्न सामन्याची. एकाच राज्यातली ही दोन विद्यापीठे. म्हणजे भाऊबंदकीच ती!

१८९३ साली बर्मिंगहॅम येथे झालेली पहिली गाठ ऑबर्नने जिंकली. १९०७ साली ६-६ अशी बरोबरी झाली, आणि पुढे खेळाडूंचा दैनिक भत्ता किती व पंच कुठला, एवढ्यावरून बोलणे फिसकटले. ते थेट १९४८ पर्यंत! १९४७ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाला ठराव करावा लागला, तेव्हा कुठे मंडळी वळली. सामन्याच्या दिवशी सकाळी दोन्हीकडच्या विद्यार्थीप्रमुखांनी बागेत खड्डा खणून कुऱ्हाड पुरली. वैर मिटल्याची ही तिकडची खूण. मग अलाबामाने ऑबर्नला ५५-० असे झोडपले! पुढच्याच वर्षी ऑबर्नने १४-१३ असे उट्टे काढले.

यंदाच्या सुट्टीतही ही जोडी समोरासमोर येईल, आणि कित्येक घरांत जेवणाच्या एकाच टेबलावर दोन पक्ष बसतील.