फासा, गाठ आणि सुताचें टोक

दोर तुटतो तो बहुधा गाठीपाशीं. म्हणून ज्यांचें पोट अथवा करमणूक सुतावर अवलंबून आहे, त्यांनीं सुताच्या टोकाचा विचार फार बारकाईनें केलेला आढळतो. गळाच्या दोरीचा, कोळ्याच्या जाळ्याचा आणि गिरणींतील सुताचा इतिहास निरनिराळ्या ग्रंथांत लिहिला जातो; आम्हांस मात्र तो बराचसा एकाच गाठीचा इतिहास वाटतो.

पिसें बांधून केलेल्या कृत्रिम माशीनें मासे धरण्याचा विलायतेंतील शोक जुना आहे. इझाक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ सालीं निघाला तेव्हां त्यासाठीं लागणारी दोरी घोड्याच्या केसांची असे. पुढें ती रेशमाची झाली, जवसाच्या तेलाचे हात देऊन पाण्यापासून राखलेली. तिच्या व माशीच्या मध्यें एक जवळजवळ अदृश्य तंतु लागे. कोश विणण्याच्या बेतांत असलेल्या रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून तो काढीत. हा तंतु कोरडा असतां ठिसूळ, म्हणून प्रथम भिजवावयाचा आणि मग त्याच्या टोकास फासा करावयाचा. दोरीलाही फासा हवा असल्यास तिचें टोक पिंजून, मागें दुमडून, मेण लावलेल्या रेशमी धाग्यानें घट्ट गुंडाळीत व वर रोगण देत. पण पुष्कळ जण एवढा खटाटोप न करितां दोरीचें टोक तंतूच्या फाशांतून वर घेत, फाशाच्या मानेमागून फिरवीत आणि दोरीच्याच खालीं दाबून ओढीत. आपल्याकडे हा शोक मुख्यतः साहेबांचा. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९४८ सालीं महसीर माशावरील मॅक्डोनल्डचा ग्रंथ काढला, तोही त्यांच्याच भाषेंत.

परंतु वरळीच्या किंवा माहीमच्या कोळ्यास ती गाठ शिकविण्यास कोणा साहेबाची गरज नव्हती. जाळें विणतांना आधींच्या ओळींतला फांसळलेला चौकोन हाच फासा, आणि लाकडी सुईवरचा दोरा त्यांतून वर येऊन, मागून फिरून, स्वतःखालीं दबतो. गाठ तीच!

आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत उभें सूत तुटलें कीं साचेवाला मारी ती गाठही तीच. तिचा गुण असा कीं ती बारीक व चपटी बसते, आणि वईंतून व फणींतून न अडकतां पार होते. दोन साचे सांभाळणाऱ्या माणसाला ती चुटकीसरशी मारतां आली पाहिजे. नाहीं तर कापडांत खोट राही आणि मजुरी कापली जाई.

येथें मात्र आम्हांस थांबावें लागतें. सुताचें टोक ओलें केल्यावांचून नीट वळत नाहीं, आणि त्यास जवळचें पाणी म्हणजे तोंडांतली लाळ. धोट्यांत नवी कांडी घातली कीं सूत डोळ्यांतून बाहेर काढण्यास तोंडानेंच ओढावें लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या ओठीं जावयाचा, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनीं अस्पृश्य मानलेल्या कामगारांस साळखात्यांत येऊं दिलें नाहीं. त्यांनीं कमी मजुरीच्या कताईखात्यांत राबावें. जास्त मजुरीचें विणकाम दुसऱ्यांचें. ही बंदी सरकारी कायद्याची नव्हती, शेजारीं उभें राहून काम करणाऱ्यांच्या आग्रहाची होती, आणि म्हणूनच आम्हांस ती अधिक लज्जास्पद वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां परळच्या चाळींत राहत. हा सर्व व्यवहार त्यांच्या दाराशीं चाले. १९२८ सालच्या सार्वत्रिक संपांत त्यांनीं साळखातें सर्वांस खुलें करण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढें ठेविली. एकजुटीचा घोष करणाऱ्यांना लाळेच्या एका थेंबावर उत्तर देणें किती जड गेलें असेल! धोट्याच्या डोळ्यांतून सूत हातानें ओवण्याची युक्ति निघालेली होती. पण भेद होता तो डोळ्यांत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्या खात्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. आज नव्या सूतयंत्रांत हवेच्या झोतानें दोन टोकें एकमेकांत गुंफतात, गाठ लागतच नाहीं. गळाची दोरी प्लॅस्टिकचें वेष्टण घेऊन आली, आणि तिचा फासा कारखान्यांतच उष्णतेनें जोडून मिळतो. जाळींही यंत्रावर होतात. तीं फाटलीं म्हणजे मात्र वरळीच्या किनाऱ्यावर माणसें मांडी घालून तीं हातानें सांधतात. नायलॉन गुळगुळीत, त्यावर जुनी गाठ घसरते. म्हणून तिला एक वेढा जास्त देतात.