शेताची वाट जीपीएसवर : ट्रॅक कसा नोंदवायचा, कसा जपायचा आणि नकाशावर किती विसंबायचं

लातूर : राशीला मळणी यंत्र बोलवायचं असो, बोअरची गाडी आणायची असो नाहीतर रात्री आखाड्यावर साप चावलेल्या माणसासाठी १०८ ची गाडी बोलवायची असो, वाट सांगता सांगता तोंड दुखतं. लिंबापासून उजवीकडं, पुढं मारुतीचं देऊळ, मग वढा ओलांडून सरळ. नवख्या ड्रायव्हरला अंधारात लिंबही दिसत नाही आणि वढाही. फोनवर लोकेशन पाठवलं तरी नकाशा गाडीला डांबरी सडकेवर आणून सोडतो, पुढची दोन किलोमीटर पाणंद त्याला ठाऊकच नसते. ही दोन किलोमीटर आपली आपणच नोंदवून ठेवता येते. त्यासाठी साधा स्मार्टफोन पुरतो. वनखात्यातल्या किंवा पाइपलाइनच्या सर्व्हेवाल्यांच्या हातात असतो तसला हातातला जीपीएस असेल तर अजून बरं.

आधी तीन शब्द समजून घ्या, कारण निम्मा घोळ इथंच होतो. एक जागा खूण करून ठेवली तर ती वेपॉइंट. विहीर, डीपी, आखाडा हे वेपॉइंट. आपण खरोखर चालत किंवा गाडीवर गेलो ती उमटलेली वाट म्हणजे ट्रॅक. आणि अजून गेलोच नाही, पण यंत्रानं नकाशा बघून "असं जा" म्हणून सांगितलं तो रूट. ट्रॅक म्हणजे झालेली गोष्ट, रूट म्हणजे अंदाज. पावसाळ्यात कुणावर विश्वास ठेवायचा ते यावरून कळंल.

मोबाइलवर ट्रॅक नोंदवायला ओएसएमअँडसारखं अ‍ॅप चालतं. वायफायवर असताना महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घ्या, मग रानात रेंज नसली तरी अडत नाही. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला इंटरनेट लागत नाही, हे अजून बऱ्याच जणांना पटत नाही. ट्रिप रेकॉर्डिंग हा भाग अ‍ॅपमध्ये आधी सुरू करावा लागतो. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी पूर्ण द्या आणि बॅटरी बचत त्याच्यापुरती बंद करा. हे केलं नाही तर स्क्रीन काळी झाली की फोन अ‍ॅपला झोपवतो आणि घरी येऊन बघावं तर ट्रॅक मधेच तुटलेला. तुटलेल्या जागी अ‍ॅप सरळ रेघ ओढतं, आणि ती रेघ कुणाच्या तरी उभ्या तुरीतून जाते!

उघड्या आभाळाखाली उभं राहून दोनेक मिनिटं थांबा, मगच सुरू करा. चिंचेच्या दाट झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं तर सुरुवातीचे बिंदू इकडंतिकडं उडतात.

हातातल्या जीपीएसचं गणित थोडं वेगळं आहे. गार्मिनच्या ईट्रेक्स २० सारख्या यंत्रात चालू ट्रॅकला १०,००० बिंदूंची जागा असते. दर सेकंदाला एक बिंदू ठेवला तर ती पावणेतीन तासांत भरते. दर १० मीटरला एक ठेवला तर १०० किलोमीटरपर्यंत पुरते. भरल्यावर यंत्र तो ट्रॅक आपोआप आर्काइव्हमध्ये टाकतं, म्हणजे सकाळी नोंदवलेली वाट संध्याकाळी चालू ट्रॅकमध्ये दिसत नाही. म्हणून काम संपलं की ट्रॅक लगेच सेव्ह करा, चालू ट्रॅक पुसून टाका, मगच पुढचं रान धरा. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक पुढं चालू ठेवला तर कालचा शेवट आणि आजची सुरुवात यांच्यात फुकटची रेघ जोडली जाते.

सेकंडहँड जुनं यंत्र घेतलं असेल, व्हिस्टा एचसीएक्स किंवा ६०सीएसएक्स, तर अजून एक खाच आहे. त्यात ट्रॅक आतल्या मेमरीत सेव्ह केला की तो ५०० बिंदूंवर छाटला जातो आणि वेळेची नोंदही निघून जाते. वळणाची पाणंद मग कोनाकोनाची दिसते. मेमरी कार्डावर ट्रॅक लिहिण्याची सोय त्याच यंत्रात आहे, ती चालू ठेवा. कार्डावर पूर्ण ट्रॅक राहतो.

आता रूटकडं येऊ. रूट काढताना यंत्र आपल्याकडच्या नकाशात रस्ता जोडलेला आहे का एवढंच बघतं. मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी, मन्याड यांवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली गेले का, हे त्याला कोण सांगणार? वर त्यात रस्ता चुकला की आपोआप नवा रूट काढायची सोय असते. ओळखीच्या वाटेनं वळसा घालावा तर यंत्र परत परत मागं फिरवतं. पावसाळ्यात ही सोय बंदच ठेवा. "रस्त्यावर लॉक" असाही एक पर्याय असतो. तो चालू असेल तर तुम्ही धुऱ्यावर उभे असता आणि बाण जवळच्या सडकेवर दिसतो. रानात तोही बंद. नकाशात रस्ताच नसेल तर "सरळ रेघ" निवडा, दिशा आणि अंतर तरी खरं मिळतं. पण सगळ्यात चांगलं म्हणजे रूट न काढता आपला सेव्ह केलेला ट्रॅकच उघडून त्याच्यामागं जाणं.

औसा तालुक्यातल्या किल्लारी भागात अजून एक काळजी घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथली कितीतरी गावं नव्या जागी वसली. एकाच नावाची जुनी आणि नवी अशी दोन ठिकाणं झाली. पाहुण्याला नुसतं गावाचं नाव टाकायला सांगू नका, घराचं लोकेशन पाठवा.

आकडे फोनवर तोंडी सांगत असाल तर पद्धत जुळवून घ्या. १८ अंश २४ मिनिटं आणि १८.२४ अंश हे एक नव्हे. १८ अंश २४ मिनिटं म्हणजे १८.४० अंश. फरक किरकोळ वाटतो, पण जमिनीवर तो जवळपास १८ किलोमीटर होतो. लातूर शहराचं ठिकाण शोधणारा माणूस पार औसा तालुक्यात जाऊन पोचंल.

आता ज्यावरून भांडणं लागतात ते. मोबाइल घेऊन धुऱ्यानं फिरायचं, क्षेत्र काढायचं आणि "माझं रान दाबलं" म्हणून शेजाऱ्याच्या अंगावर जायचं, असं करू नका. उघड्यावर चांगल्या फोनचा जीपीएसही पाचेक मीटर इकडंतिकडं होतो. २०० मीटर लांबीचा बांध पाच मीटर सरकला तर १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे फरक पडतो. तेवढ्यावर दोन भाऊ कोर्टात जातात. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडं अर्ज करून मोजणीच घ्यावी लागते. त्यांचं रोव्हर यंत्र जमिनीवरच्या पक्क्या केंद्रांशी जुळवून सेंटिमीटरमध्ये जागा काढतं. आपलं मोबाइलचं मोजमाप खत, बियाणं आणि फवारणीचा हिशोब करायला ठीक.

मात्र वाट अडवली असेल तर ट्रॅकचा उपयोग होतो. वहिवाटीचा रस्ता अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवा रस्ता मागणं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली, दोन्ही अर्ज तहसीलदारांकडं जातात. निकाल त्यावर लागत नाही, स्थळपाहणी आणि पंचनामा होतोच. पण कुठल्या गटातून वाट जाते, कुठं चर खोदला, कुठं काटे टाकले, हे ट्रॅक आणि वेपॉइंटसह नकाशाची प्रिंट जोडून दाखवता येतं. साहेबाला जागा सापडायला सोपं पडतं.

फाइल जीपीएक्स प्रकारची निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना स्क्रीनशॉट नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तरच समोरच्याला ती उघडून तिच्यामागं येता येईल. नावात गाव, गट नंबर आणि तारीख टाका. यंत्र आपणहून नुसती तारीख देतं, सहा महिन्यांनी कुठली वाट कुठली ते कळत नाही. तांड्याची, वस्तीची वाट एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची अशी दोनदा नोंदवा आणि आशाताई, पोलीस पाटील यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. उन्हाळ्यातली वाट वढ्यातून जाते, पावसाळ्यातली गाडी तिथं रुतते.