तपासलेली उत्तरपत्रिका आणि तिचें मोल

उत्तरपत्रिका एकदां परीक्षकाच्या हातीं गेली कीं तिच्यावर लिहिणाराचा कांहीं हक्क उरत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली होती. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचा उत्तरपत्रिका न दाखविण्याचा नियम मुंबईच्या उच्च न्यायालयानें रद्द ठरविला. परंतु १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरवून नियम उचलून धरला. फेरतपासणी सर्वांस खुली केल्यास निकालाला अखेर म्हणून येणारच नाहीं, हें त्यामागील एक कारण. तें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. लाखों मुलांच्या निकालाचें काम ज्यानें जवळून पाहिलें आहे तोहि म्हणणार नाहीं.

पुढें २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्याच्या आधारें कलकत्ता विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें आपली उत्तरपत्रिका मागितली आणि तेथील उच्च न्यायालयानें ती देवविली. अखेर ऑगस्ट २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि उत्तरपत्रिका ही 'माहिती'च होय असें ठरविलें. आपण ती विश्वस्त या नात्यानें बाळगतों, म्हणून दाखवितां येत नाहीं, हा परीक्षा-मंडळाचा बचाव टिकला नाहीं. परीक्षकाचें नांव तेवढें झांकलेलें राहिलें, व तें योग्यच झालें.

दार उघडलें, पण दारांत जकातनाका बसला. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेनें प्रमाणित प्रतीस दर विषयामागें ५०० रुपये आकारले. माहिती-अधिकाराच्या नियमांत दर पानास २ रुपये. म्हणजे चाळीस पानांची उत्तरपत्रिका ८० रुपयांत मिळावी! हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां २०१९ सालीं दोन्ही मार्ग खुले असल्याचा निर्वाळा मिळाला. ज्यास कायदा ठाऊक तो ८० देईल, ज्यास ठाऊक नाहीं तो ५०० देईल, असा याचा व्यवहारांत अर्थ होतो.

फी मुळींच नको, असा आमचा आग्रह नाहीं. नक्कल करण्यास जो खर्च येतो तो विद्यार्थ्यानें द्यावा. परंतु मागणारांची गर्दी कमी व्हावी म्हणून फी वाढविणें निराळें. तिनें गर्दी हटते खरी, पण हटतात ते गरीब. आणि एका गुणानें नापास झालेला गरीब मुलगाच बहुधा सर्वांत अधिक गरजू असतो. युरोपांत, आयर्लंडमधील एका परीक्षार्थ्याच्या खटल्यांत, २०१७ सालीं तेथील न्यायालयानें उत्तरें व त्यांवरील परीक्षकाचे शेरे हा परीक्षार्थ्याचा व्यक्तिगत मजकूर मानला. अशा मजकुराची पहिली प्रत तेथें सामान्यतः विनामूल्य द्यावी लागते.

मुंबई विद्यापीठानें त्याच वर्षीं उत्तरपत्रिकांच्या छबी घेऊन त्या संगणकाच्या पडद्यावर तपासण्यास आरंभ केला. त्या पायीं निकाल किती रखडले, तें मुंबईकरांस सांगावयास नको. पण छबी जर आधींच तयार आहे, तर नकलेचा खर्च म्हणून नेमकें काय मागावयाचें?